मिशनचा माड

भर महासागरातल्या आमच्या अबायांग बेटावर सकाळ उतरते ती माडांच्या शेंड्यांवरून. माडी काढणारे वर चढतात, माडाचा फुलोरा, म्हणजे पोय, तासतात आणि गातात. कोणी पोरींच्या केसांवर गातो, कोणी आजोबाच्या होडीवर, बरेचजण स्वतःवरच. खाली चुली पेटवणाऱ्या बायकांना आवाजावरून कळतं, कोण कुठल्या झाडावर आहे. आंतेरेआचं झाड ओळखायला तर कानही द्यावा लागत नसे. तिथून मारियामातेची प्रार्थना, 'नमो मारिया', यायची.

त्याची एकुलती मुलगी चर्चच्या मिशनची सिस्टर होऊन पापुआच्या डोंगरात गेली, तेव्हा धक्क्यावर तो तिला एवढंच म्हणाला होता, "तू डोंगर चढ, मी माड चढतो." त्या दिवसापासून समुद्राच्या अंगाचा एक माड मिशनचा झाला. त्याची नीरा घरात कोणी जिभेला लावली नाही. त्याची बायको तेबोरा ती आटवून काकवी करायची. वर्षातून एकदा येणाऱ्या मिशन रविवारी बाटल्या वेदीपुढे जायच्या, मग बोटीने तारावाच्या बाजारात, आणि त्यांचा पैसा जिथे चर्चवर अजून छप्पर नाही अशा गावांना. ती गावं आंतेरेआने पाहिली नव्हती. मुलगी फोनवर सांगे ती नावं तो वाकडीतिकडी पाठ करायचा आणि माडावर बसून एकेकासाठी प्रार्थना करायचा. खालून जाताना मी कितीदा पाय थांबवून ते ऐकलं आहे. वाऱ्यावर ती नावं आमच्याच शेजारच्या वाड्यांची वाटायची.

आमच्यात नातलगाने 'बुबुसी' म्हणून काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. होडी मागा, डुक्कर मागा, अंगावरचा सदरा मागा. आंतेरेआकडून सगळ्यांनी सगळं मागून नेलं. त्याने मात्र कधी कुणाकडे काडी मागितली नाही, आणि खरं सांगायचं तर याचा त्याला थोडा ताठा होता.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. एका संध्याकाळी तो अर्ध्या माडावर खोडाला मिठी मारून बसला. वर जाता येईना, खाली उतरता येईना. शेजारच्या माडावर त्याचा चुलतभाऊ कारोतू गात होता. तो गाणं तोडून ओरडला, "दादा, वहिनी खाली उभी आहे. मिठी कुणाला मारतोयस?" मग स्वतः उतरला, याच्या माडावर चढला आणि त्याचा एकेक पाय खाचेत ठेवत त्याला खाली आणलं.

तेबोराने सुरी काढून घेतली. "आता चटईवर बसायचं."

"पोय तासली नाही तर झाड आटेल. पोरीला शब्द दिलाय मी."

"मग कारोतूला सांग."

"त्याला? तो चर्चमध्ये मागच्या खांबाला टेकून झोपतो. त्याच्या गाण्यांत निम्म्या बेटावरच्या बायका आहेत."

"गळा चांगला आहे ना?"

"मी कधी कुणाकडे मागितलं नाही, तेबोरा."

"नाही कसं?" ती चूल फुंकत म्हणाली. "रोज वर बसून मारियामातेला म्हणतोस, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. ते काय देणं झालं? की तिचं घर लांब आणि कारोतूचं शेजारी, म्हणून जीभ जड होते?"

आंतेरेआ सकाळी काठी टेकत कारोतूच्या दारात जाऊन बसला. कारोतू दगडावर सुरी घासत होता. मासळीचं बोलणं झालं, वाऱ्याचं झालं. मग आंतेरेआ जमिनीकडे बघत म्हणाला, "बुबुसी."

सुरी थांबली. "काय हवंय?"

"तुझे पाय. आणि गळा. मिशनच्या माडासाठी."

कारोतू बराच वेळ हसला. "जन्मभर वाट बघतोय, तू कधी मागशील म्हणून. म्हटलं, होडी मागेल, तेव्हा चार गोष्टी सुनावेन. आणि मागितलंस काय, तर हे."

"नाही म्हणतोस?"

"म्हणता येतं का? पण चाल माझी राहील."

त्या संध्याकाळी माडाच्या शेंड्यावरून 'नमो मारिया' आलं ते कारोतूच्या सगळ्यांत वाह्यात गाण्याच्या चालीवर. बायकांनी तोंडाला हात लावले. पण काय तो गळा. खाडीतल्या होड्यांवरची माणसं वल्ही सोडून ऐकत राहिली. अर्ध्यावर येऊन मात्र आवाज थांबला. पुढचे शब्द कारोतूला येत नव्हते. चर्चमध्ये तिथवर त्याला झोप लागलेली असायची.

तेव्हा खाली चटईवरून आंतेरेआने फाटक्या आवाजात, त्याच चालीवर उचललं, "हे पवित्र मारिये, देवाच्या माते..."

तेव्हापासून आमच्याकडे ती प्रार्थना अर्धी वरून येते आणि अर्धी खालून. गावांची नावं आंतेरेआ खालून सांगतो आणि कारोतू ती त्याच्याहून वाकडी म्हणतो.

यंदाच्या मिशन रविवारी काकवीच्या बाटल्या वेदीपर्यंत कारोतूने नेल्या. आंतेरेआ मागच्या खांबाला टेकून, गुडघे चोळत, बघत होता.