सुताचा बोळा

माझ्या भासऱ्याला, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाला, मी कधी माफ केलं नाही. तो गेला, मीही पिकलं पान झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. काहून बोलू नये? तो होता तेव्हा तर बोलायची सोयच नव्हती! आमच्यात धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यापुढे पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंड मिटायचं. फारच अडलं तर भिंतीकडे पाहून म्हणायचं, "म्हणावं, जेवण वाढलं." तोही भिंतीलाच उत्तर द्यायचा. त्या घरात सगळ्यात जास्त ऐकून घेतलं असेल तर त्या भिंतीनं.

आम्ही विणकर. घरात तीन माग होते. लढाईत आमचे हे मिलिटरीत ड्रायव्हर होते. लढाई संपली, हे परत आले, आणि स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांत मागावर पोट भरेना म्हणून भासऱ्यानं दोन माग विकून मिलिटरीच्या डिस्पोजलमधून, म्हणजे लढाईनंतर काढून टाकलेल्या मालातून, एक मोटर घेतली. पुढून मोटर, मागून ट्रक, असं ते ध्यान होतं. सासऱ्यांचा एक माग तेवढा ओसरीत राहिला. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत होतो. मोटर भासऱ्याच्या नावावर आणि स्टेअरिंग ह्यांच्या हातात. सकाळी इतवारीच्या बाजारातून सुताचे गठ्ठे आणि मिळतील ते प्रवासी घेऊन उमरेडला जायचं, संध्याकाळी तिकडून साड्या घेऊन यायचं.

मोटरीचा पेट्रोलचा काटा आधीच मेलेला होता आणि टाकीला झाकण नव्हतं. हे म्हणाले, "भाऊ, पहिले झाकण घेऊ." भासरा म्हणाला, "विणकराच्या घरी झाकण विकत आणतेत का बे?" त्यानं मागाखालचं तुटकं सूत गोळा केलं, चांगला मनगटाएवढा बोळा वळला आणि टाकीच्या तोंडात ठोकला. खड्ड्यात उडून जाऊ नये म्हणून एक लांब टोक आत सोडलं आणि दुसरं बाहेर खालच्या कडीला बांधून टाकलं. आठ दिवस येईल-जाईल त्याला तो बोळा दाखवत होता. काट्याच्या जागी मागाची एक मोडकी पट्टी घेतली, चाकूनं तिच्यावर खाचा पाडल्या. सकाळी मोटर निघताना पट्टी टाकीत, संध्याकाळी आली की पट्टी टाकीत. पट्टी रोज कमी दाखवायची.

आता ह्यात एक गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. इतवारीतला शेठ मामाजींना सूत तोलून द्यायचा आणि साडी तोलून घ्यायचा. वजन कमी भरलं की त्याला तो घट म्हणायचा, आणि घट म्हणजे चोरी. सूत पावसाळ्यात जड होतं, उन्हात हलकं होतं, विणताना तुटतं, उडतं. पण ऐकतो कोण? भर दुकानात त्यानं मामाजींना चोर म्हटलं होतं, आणि भासरा गठ्ठा डोक्यावर घेऊन शेजारीच उभा होता. माणसानं त्यातून काय शिकावं? हा मेला तोलायला शिकला!

"पेट्रोल पितं कोण? मोटर का तू?" असं तो रोज अंगणात, आळी ऐकेल एवढ्या मोठ्यानं विचारायचा. हे मान खाली घालून उभे. मी चुलीपुढे बसून भाकरी अशी थापायची की परात नाचायची.

मग त्याच्या डोक्यात पेट्रोल वाचवायचं भूत शिरलं. जो भेटेल तो त्याला एक अक्कल शिकवायचा आणि हा ती आमच्यावर करून पाहायचा. कोणी सांगितलं, टाकीत डांबराच्या गोळ्या टाक, पेट्रोल दुप्पट पुरतं. ह्यानं जाऊबाईच्या साड्यांच्या पेटीतल्या सगळ्या गोळ्या नेऊन टाकीत टाकल्या. पेट्रोल होतं तितकंच लागलं, आणि जाऊबाईच्या लग्नातल्या शालूला कसर लागली ती निराळी. ती बिचारी दोन दिवस रडली. कोणी सांगितलं, अनवाणी पायानं गाडी चालवली तर पाय हलका पडतो. ऐन उन्हाळ्यात ह्यांच्या चपला काढून घेतल्या. तापलेल्या पत्र्यावर पाय ठेवून माझा नवरा उमरेडला जाऊन आला, टाचा सोलून निघाल्या. पट्टीनं दाखवायचं तेच दाखवलं. मग म्हणे हळू चालव. इतकी हळू, की एक म्हातारे गृहस्थ मध्येच उतरले आणि बैलगाडीत जाऊन बसले. "निदान बैल तरी मनानं चालते," म्हणाले.

उतारावर इंजन बंद करायची अक्कल तर मी स्वतः भोगली. माझं माहेर उमरेडचं. आई आजारी म्हणून मी मागे गठ्ठ्यांवर बसले होते आणि भासरा पुढे ह्यांच्या शेजारी. उतार लागला तसा तो ओरडला, "बंद कर इंजन! फुकटचा उतार आहे." ह्यांनी बंद केलं. मोटर गुपचूप घरंगळायला लागली, वेग वाढत गेला, आणि खाली रस्त्यात आडवी लाकडांची गाडी. आवाज नाही, त्यामुळे गाडीवानाला पत्ताच नाही. ह्यांनी कसाबसा ब्रेक दाबून मोटर बाभळीत घातली. मी गठ्ठ्यांसकट पुढे आपटले, ओठ फुटला. नंतर इंजन सुरू होईना. भर दुपारी हँडल मारून मारून ह्यांच्या हाताला फोड आले. सुरू झालं तेव्हा किती पेट्रोल नुसतं धुरात गेलं, ते सगळ्यांच्या नाकाला कळत होतं. पण आईला पाहून संध्याकाळी घरी परतल्यावर पट्टी कमी भरली, तर दिवसभर स्वतः सोबत असूनही म्हणतो काय, "उमरेडले विकलं असशील. सासुरवाडी आहे ना तिथं!"

म्हणजे आता माझं माहेरसुद्धा चोराचं झालं. त्या दिवसापासून मी त्या मोटरीवर डोळा ठेवला.

मोटर सुट्टीच्या दिवशी अंगणात उन्हात उभी असायची. एकदा तिच्याजवळ कुरडया वाळत घालताना मला पेट्रोलचा वास आला. पाहते तर बोळ्याचं बाहेरचं टोक ओलं. चिमटीत धरलं तर बोटं ओली. थेंब खाली पडायच्या आतच ऊन त्याला खाऊन टाकत होतं. अगं बाई! समईतली वात तेल वर ओढते, मग ही वात काय सोवळ्यात बसली होती? मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे वं. भाऊ आहे माझा."

"अन् तुम्ही त्याचे कोण? चोर?" मी विचारलं. हे नुसते कूस बदलून पडले.

अक्षय तृतीयेला मोटर बंद असायची. भासऱ्याचं नवीन खूळ होतं की थंड वेळेचं पेट्रोल जास्त भरतं, म्हणून त्यानं उजाडताच ह्यांना पाठवून टाकी काठोकाठ भरून आणवली. मोटर अंगणात लागली, त्यानं पट्टी टाकून पाहिली, आणि ह्यांच्याकडे पाहत म्हणाला, "सणाचा दिवस आहे. कोणी हात मारील. मीच राखतो." मोटरीजवळ लिंबाच्या सावलीत त्यानं बाज टाकली. जेवणसुद्धा तिथंच मागवलं. पुरणपोळीचं ताट मीच नेऊन ठेवलं, पदराआडून. मनात म्हटलं, राख बाबा, नीट राख.

ऊन उतरलं तशी मी अंगणात गेले. भिंतीकडे गेले नाही. सरळ त्याच्या बाजेपुढे जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, पट्टी टाका."

जाऊबाई दारातच थिजली. भासऱ्यानं घाईनं भिंतीकडे तोंड केलं. "म्हणावं, भरून आणल्यापासून मोटर जागची हलली नाही."

"म्हणूनच टाका."

आरडाओरडा होईल म्हणून असेल, त्यानं पट्टी टाकली. वर काढली आणि पाहतच राहिला. पुन्हा पुसली, पुन्हा टाकली. एक अख्खी खाच कमी होती.

"हे दिवसभर घरात होते," मी म्हटलं. "बाजेवर तुम्ही होते. मग आज चोर कोण?"

तेवढ्यात मामाजी ओसरीतून उतरून आले. त्यांनी बोळा उपसला आणि पिळला. त्यांच्या तळहातातून पेट्रोल मातीत गळलं.

"सूत आहे हे. पिणारच," ते म्हणाले. मग थोरल्याकडे पाहिलं. "त्या शेठनं मले चोर म्हटलं, तो परका होता. तू तर धाकट्याचा भाऊ आहेस ना बे?"

भासऱ्यानं बाज उचलली आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो पट्टी घेऊनच! मेल्याला लाज कशाशी खातात माहीत नव्हतं. ह्यांनी पट्टीकडे पाहिलं, खिशातली किल्ली काढून त्याच्या पायाशी ठेवली आणि ओसरीत जाऊन मामाजींच्या मागावर बसले. माग खटखट वाजायला लागला. मी डोळे फाडून बघत राहिले. 'जाऊ दे' म्हणणारा माझा नवरा तो हाच का?

भासऱ्याला मोटर चालवता येत नव्हती. तो अंगणात येरझारा घालत राहिला. इतवारीतून दोनदा निरोप आला. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन भिंतीला म्हणाला, "म्हणावं त्याले, मोटर काढ. लोक खोळंबून राहिले."

"आधी चोर म्हटलं ते मागं घ्या," मी म्हटलं.

"बरं," तो भिंतीला म्हणाला. "नाही तो चोर."

"भिंतीले काय सांगता? भिंतीले कुठं चोर म्हटलं होतं?"

तो तसाच ओसरीत गेला. माग थांबला. तिथं काय बोलणं झालं, ते मला एवढे कान देऊनही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं हे चुलीपाशी आले. एका हातात अंगणातून उचललेली किल्ली, दुसऱ्या हातात ती पट्टी; पट्टी माझ्यापुढे टाकली. मी पट्टी चुलीत घातली. पेट्रोल प्यायलेलं लाकूड ते, भडकन पेटलं.

"काय म्हणाले हो?" मी विचारलं. "तुमच्या तोंडावर म्हणाले का, चूक झाली म्हणून?"

"जाऊ दे वं," हे म्हणाले, आणि मोटर काढून इतवारीकडे गेले.

त्यांनी जाऊ दिलं. मी नाही.