ठिपका दिंडोरीला निघाला

हे किस्से मला नीट आठवतात की सांगून सांगून मीच ते घडवलेत, याची खात्री नाही. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे स्वतःवर विश्वास कमीच. पण नाशिकला अंबडच्या त्या खोक्यांच्या कारखान्यात चहाला गेलो की एखादा किस्सा खिशात पडायचाच.

कारखाना माझी विद्यार्थिनी सुनंदा हिचा. द्राक्षांची खोकी बनवायची. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक दिंडोरीचं एक पॅकहाउस, द्राक्षं खोक्यांत भरून बाहेर पाठवणारं. त्यांनी बजावलं होतं, "आता एकदा जरी उशीर झाला, तर पुढची ऑर्डर भामरे शेठना!" भामरे शेठ म्हणजे शेजारच्याच गाळ्यातले खोकीवाले. म्हणून सुनंदाने खोक्यांचा आणि टेम्पोचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं.

*

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. दसऱ्याची सुट्टी संपली, तर नवा स्कॅनर एकही बारकोड वाचेना. इंजिनिअरला फोन केला. मग सुनंदाने स्कॅनर उलटा करून पाहिला. कुणीतरी भक्तिभावाने थेट काचेवरच कुंकू लावलं होतं!

*

ड्रायव्हर रामदासच्या मोबाइलवरून टेम्पोचं लाइव्ह लोकेशन दिसायचं. नकाशावर निळा ठिपका. तो चहाच्या टपरीपाशी थांबला की सुनंदाचा फोन जायचा.

"रामदास, कुठे आहेस?"

"पुलावर हाय, ताई."

"ठिपका तर टपरीवर दिसतोय!"

"मग त्योच चहा पीत आसंल!"

*

भामरे शेठ रोज डोकावायचे. "मॅडम, ठिपका बघून खोकी पोचत नाहीत!" सुनंदा म्हणायची, "शेठ, तुम्ही फक्त माझ्या उशिराची वाट बघा." ते हसायचे. मला वाटायचं, खरंच बघत असावेत.

*

ऐन हंगामातली एक सकाळ. पॅकहाउसमध्ये द्राक्षं तोडून आलेली, खोकी वाटेत, आणि ठिपका दिंडोरी रोडवर थांबलेला. रामदास फोन उचलेना. सुनंदा नुसती स्क्रीनकडे बघत उभी. मी उगाच सरासरी वेग काढत बसलो.

आणि ठिपका हलला! हलला तो असा सुटला, की थेट पॅकहाउसच्या फाटकात. वेळेत! ऑर्डर टिकली.

"बघा सर, आपल्या टेम्पोत दम आहे!"

मला मात्र शंका. त्या म्हाताऱ्या टेम्पोला एवढा वेग शक्यच नव्हता. रामदासला विचारलं, तर म्हणाला, "जाताना लय झ्याक पळाला, सर. येताना बंद पडला." म्हटलं, माझंच गणित चुकलं असेल. तरी कुतूहल काही जाईना.

काही वर्षांनी इंदिरानगरच्या बागेत भामरे शेठ भेटले. धंदा मुलाकडे सोपवून निवांत झालेले. धीर करून त्या ठिपक्याच्या वेगाचं विचारलं.

शेठ बराच वेळ हसले.

"टेम्पो माझा होता, सर. चालवतही मीच होतो. रामदास मोबाइल धरून शेजारी बसला होता!"