लूप गुपचूप थांबला

हे मला सांगायचंच आहे, थांबा, सुरुवातीपासून सांगतो. सुदामा नगरच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी एका डायलिसिस सेंटरसाठी प्रोग्राम लिहिला होता, रुबी नावाच्या भाषेत. पाळीची वेळ बदलली की सगळ्या पेशंटना आपोआप मेसेज जाणार. प्रत्येकाचे दोन नंबर, एक स्वतःचा, एक घरच्यांचा. लूप लावला: पेशंट घे, पहिला नंबर, दुसरा नंबर, पुढचा पेशंट. एकदम मस्त चाललं! आमच्याकडे रिवाजच होता, स्क्रीनवर लाल एरर नाही मतलब सब बढ़िया, चला पोहे खायला.

मग सेंटरचा पाण्याचा प्लांट दुरुस्तीला निघाला आणि दुपारच्या पाळ्या सकाळी केल्या. यादीतल्या चौथ्या पेशंटचा एकच नंबर होता. दुसरा मागितल्यावर रुबीनं आतून 'संपलं' असा इशारा दिला, आणि लूपला वाटलं, आपली अख्खी यादीच संपली. थांबला. ना लाल, ना काही. ज्या पानावरून मी लूप शिकलो त्यावर हे लिहिलंच नव्हतं यार. मला कळलं ते सगळं झाल्यावर.

यादीत पाचव्या एक काकू होत्या; त्यांचे मेसेज त्यांचे मिस्टर, काकाच बघायचे. दुपारी नेहमीसारख्या आल्या तर सेंटरला कुलूप. घरी गेल्या. डायलिसिस चुकल्यानं अंगात पाणी साठलं, दुसऱ्या दिवशी श्वास लागला, हॉस्पिटलला पोचायच्या आत गेल्या.

तेराव्यानंतर काका आमच्याकडे आले. स्वतःचा फोन माझ्यासमोर ठेवला. "बेटा, बघ ना, मेसेज आला होता का? माझ्याच हातून डिलीट तर नाही झाला?"

आमच्या ऑफिसचे सर माझ्या कानात म्हणाले, "बोल दे भिया, नेटवर्क का लफड़ा था."

फोन उघडायची गरजच नव्हती. त्या दिवशी मेसेज चार जणांपर्यंतच गेले होते.

"काका, मेसेज गेलाच नाही. प्रोग्राम माझा, चूक माझी. तुमची नाही."

मला वाटलं, एक ठेवून देतील. ते फोनकडे बघतच म्हणाले,

"कुलूप बघून परतताना रिक्षात ती सारखी म्हणत होती, तुम्ही फोन कधी बघतच नाही. मी म्हटलं, हो गं, चुकलंच माझं." मग हळूच, "आता तिला कोण सांगणार, बेटा?"

सर पाणी आणायला गेले. काका फोन तसाच टाकून जिना उतरायला लागले. मी मागे पळत जाऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बंद केला आणि खिशात टाकला.