दत्तारामचं वाकडं बोट

बकुळाला दोन वेडं होती आणि तिच्या आईच्या मते दोन्ही लग्नाच्या आड येणारी होती. एक रेडिओचं आणि दुसरं मंगळावरच्या माणसांचं. मंगळावरची माणसं तिला वाचनालयातल्या जुन्या मासिकांतून भेटत, आणि रेडिओ परळ नाक्यावर, सिल्वेस्टर अंकलच्या दुरुस्तीच्या दुकानात. शाळा सुटली की मॅट्रिकची ही विद्यार्थिनी दप्तरासकट तिथे हजर. घरी यायची ती कपड्यांना डाग आणि बोटांना चटके घेऊन. आई कपाळाला हात लावायची. वडील भिवा मात्र गिरणीतून कितीही दमून आले तरी विचारायचे, "आज कुणाचं पोट उघडलंस?"

साठ सालचा एप्रिल होता. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे ठरलं होतं. लालबागेत जो तो पताका कापत बसला होता, आणि गेली चार वर्षं घोषणा देऊन बसलेले गळे आता गाणी म्हणून बसत होते. अशा आनंदाच्या दिवसांत समोरच्या चाळीत एक मेलेला माणूस परत आला.

परत आला तो चार वर्षांच्या रघूच्या रूपाने. रघू मीराबाईचा एकुलता एक. तिचा नवरा बोटीवर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. पोरगं दिसायला गोजिरवाणं, पण तोंडातून शब्द नाही. एके सकाळी नळावर म्हातारा रामू विणकर बादली भरत होता. रघू त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि हाताने त्याने विचारलं, "जेवलास का?"

आता हे नीट सांगायला हवं. गिरणीच्या साचेखात्यात कापड विणणाऱ्या यंत्रांचा खडखडाट असा की शेजारच्याचा शब्द शेजारच्याला ऐकू येत नाही. म्हणून विणकर ओठांनी आणि हातांनी बोलतात. जेवलास का, दोरा तुटला, मुकादम आला, सगळं हातांवर. पण रामूच्या हातून बादली पडली ती त्यामुळे नाही. रघूने विचारताना करंगळीशेजारचं बोट आत वाकवलेलं होतं. तसं बोट साऱ्या साचेखात्यात एकाचंच होतं, दत्तारामचं. यंत्रात सापडून ते जन्माचं वाकडं झालं होतं. आणि दत्ताराम छप्पनच्या जानेवारीत, गिरणगावात संचारबंदी असताना, टायफॉइडने गेला होता. रघू जन्मला त्यानंतर महिन्याने. ज्याला कधी बघितलंच नाही, त्याचं बोट पोराकडे आलं कुठून?

झालं. दत्तारामची बायको आनंदीबाई धावत आल्या. रघूने त्यांनाही विचारलं, "जेवलीस?" बाई एकाच वेळी रडल्या आणि हसल्या, आणि घरात जाऊन त्यांनी साजूक तुपातला शिरा केला. संध्याकाळपर्यंत रघूच्या पायाशी नारळ आले. दुसऱ्या दिवशी गिरगावातले एक बुवा आले. त्यांनी डोळे मिटून निकाल दिला, "मागला जन्म सरला नाही म्हणून मुलाची वाचा अडली आहे. येत्या रविवारी याला आमच्या मठात घेऊन जातो. हा आता तुमचा नव्हे."

मीराबाई रडत बकुळाच्या दारात आली. "माझ्याजवळ राहिला तर मुका, त्यांच्याकडे गेला तर देव. मी अडवायचं तरी कुठल्या तोंडाने? पण मला माझा पोरगा पाहिजे गं!"

बकुळाच्या चाळीने बुद्धाची दीक्षा घेतली होती. भिवाने ऐकलं आणि विडी विझवली. "आत्माच नाही म्हटल्यावर परत येणार कोण? काहीतरी घोळ आहे. शोध बघू."

"आत्मा नसेल बा," बकुळा म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. "पण लहरी असतील की! स्टेशन बंद झालं तरी लहर पुढे जातच राहते. दत्तारामकाकांच्या डोक्यातली लहर हवेत फिरत असेल आणि रघूच्या डोक्याने ती पकडली असेल!"

ही कल्पना घेऊन ती जी सुटली ती थेट सिल्वेस्टर अंकलच्या दुकानात. अंकलनी चष्मा कपाळावर चढवला.

"गो पोरी, आमच्यात माणूस एकदाच मरतो. दुसरा चान्स नाय. रेडिओत दत्ताराम कुठं बसवू मी?"

"अंकल, यंत्र करून बघायला काय जातंय?"

"हां, ते बरोबर बोल्लीस. मशीन बनवायला आपल्याला काय कारण लागतंय!"

दोघांनी जेवणखाण सोडून काम केलं. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह, सिनेमा थिएटरमधून आलेला मोडका माइक, लष्करी भंगारातले कानाला लावायचे जाडजूड हेडफोन, आणि रघूच्या डोक्याभोवती बांधायला तांब्याच्या तारेचा मुकुट. शुक्रवारी मीराबाई रघूला घेऊन आली. मुकुट घालून पोरगं छान दिसत होतं. त्याच्या हातात एक स्क्रू होता आणि तो सोडून जगात त्याला कशाचंच देणंघेणं नव्हतं.

बकुळाने श्वास रोखून बटण फिरवलं. यंत्राच्या कर्ण्यातून घरघर आली. आणखी फिरवलं. आणखी घरघर. दत्तारामचा पत्ता नाही. तिने वैतागून बटण पार टोकाला नेलं, आणि माइक कर्ण्याजवळ आहे हे ती विसरली. कर्णा असा किंचाळला की अंकल स्टुलावरून उठून उभे राहिले, मीराबाईने कानांवर हात दाबले आणि समोरच्या इराण्याचा नोकर ट्रे घेऊन रस्त्यात थबकला.

रघू स्क्रू फिरवत होता. त्याने मानही वर केली नाही.

बकुळाने बटण बंद केलं. मग त्याच्या पाठीमागे जाऊन तिने पत्र्याचा डबा जमिनीवर आपटला. पोराची पापणी हलली नाही.

"मीरावहिनी," ती हळू आवाजात म्हणाली, "रघू मुका नाही. त्याला ऐकू येत नाही. ऐकलंच नाही तर बोलेल कसा?"

मीराबाईने रघूला जवळ ओढलं. अंकल मात्र एव्हाना यंत्राच्या तारा उलट्या जोडत होते. पोराच्या डोक्यावरचा मुकुट काढून त्यांनी हेडफोन चढवले आणि माइक मीराबाईच्या तोंडापुढे धरला. "बोल, जोरान् बोल."

"रघू," मीराबाई म्हणाली. अंकलनी आवाज वाढवला. "रघू! अरे राजा!"

स्क्रू खाली पडला. रघूने आधी यंत्राकडे पाहिलं, मग आईच्या ओठांकडे, आणि तो खदखदून हसला. मीराबाई पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली आणि तो प्रत्येक हाकेला हसत राहिला. सिल्वेस्टर अंकलना उगाचच भिंतीवरचा क्रूस सरळ करावासा वाटला. बकुळाला तर इतका आनंद झाला होता की आपली लहरींची कल्पना साफ आपटली हे तिच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते घरी परतताना, मीराबाईच्या प्रश्नाने. "पण बुवा म्हणतील, बहिरा आहे म्हणूनच त्याला मागला जन्म ऐकू येतो. मग बोटाचं काय सांगू?"

बोट. बकुळा रात्रभर त्या बोटाशीच झगडली. ज्याला ऐकू येत नाही तो सगळं डोळ्यांनी शिकणार. म्हणजे हे बोट रघूने कुठेतरी पाहिलंय. मग तो काय बघतो ते आपण बघायचं. शनिवारी दुपारी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. समोरच्या चाळीत बकुळाच्या लोकांना उंबऱ्याच्या आत कुणी बोलवत नसे, म्हणून ती बसली बाहेर, आनंदीबाईंच्या उंबऱ्याशी. रघूही नेमका तिथेच बसायचा. दार अर्धवट उघडं होतं.

आत आनंदीबाई ताट वाढून दत्तारामच्या तसबिरीपुढे बसल्या होत्या. त्यांनी हात तोंडाशी नेला, "जेवलात का?" मग तोच हात फिरवला, करंगळीशेजारचं बोट आत वाकवलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "तू आधी." मग पुन्हा बोट सरळ, "भाजी खारट झालीय." पुन्हा वाकडं, "चालेल." ओठांवर शब्द आणि हातांवर खुणा, असं दोन्ही बाजूंनी बोलणं चाललं होतं. उंबऱ्याशी बसलेल्या रघूचा हात त्याबरोबर हलत होता.

बकुळाला कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. हे सांगितलं तर मीरावहिनीला मुलगा मिळेल आणि आनंदीकाकींचा नवरा दुसऱ्यांदा जाईल. तरी ती उठली. दारातूनच तिने सगळं सांगितलं, चुकत, अडखळत. आनंदीबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी दार लोटलं.

रविवारी बुवा टॅक्सी घेऊन आले. सारी चाळ जिन्यात आणि गॅलरीत. रघूला हार घालून पाटावर बसवलं होतं, मीराबाई भिंतीला टेकून उभी होती. बकुळा बोलायला पुढे झाली, पण तिचं ऐकतो कोण? "बौद्धवाड्यातली पोर आम्हाला जन्म-मरण शिकवणार?" बुवा गुरगुरले. भिवाने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात आनंदीबाईंचं दार उघडलं. त्या दत्तारामची तसबीर पदराने पुसत बाहेर आल्या, ती त्यांनी कठड्यावर ठेवली आणि नव्या नवरीसारख्या लाजल्या.

"आमच्या खोलीत दहा माणसं निजायची," त्या म्हणाल्या. "नवराबायकोनं बोलायचं कुठं? ह्यांनी मला साच्यावरची बोली शिकवली. सगळे झोपले की आम्ही हातांनी बोलायचो. हे गेले, पण माझी सवय गेली नाही. त्यांचं उत्तर मीच देते, त्यांच्या बोटानं." आणि सगळ्या चाळीसमोर त्यांनी ते करून दाखवलं. वाकड्या बोटासकट. "पोरानं बघितलं माझ्याकडून. ही बकुळा खरं सांगतेय."

बुवांनी घसा खाकरला. "बाई, हा मायेचा पडदा आहे. तुमचा पतीच या देहात..."

"बुवा," आनंदीबाई म्हणाल्या, "माझा नवरा परत आला असता, तर मला सोडून तुमच्याकडं गिरगावात राहायला गेला असता होय?"

रामू विणकर पहिला हसला. मग गॅलरी हसली, जिना हसला, टॅक्सीवालासुद्धा हसला. रघूला कळेना काय झालं, पण सगळ्यांची तोंडं हसताना दिसली म्हणून तोही हसला. मीराबाईने त्याच्या गळ्यातला हार काढून फेकला आणि त्याला उचलून घेतलं. बुवा रिकामी टॅक्सी घेऊन परत गेले. आनंदीबाईंनी उंबऱ्याशी उभ्या असलेल्या बकुळाकडे पाहिलं. "बाहेर काय उभी राहतेस? आत ये. चहा टाकते." चहा आला तो घरच्या कपबशीतून.

पुढे बकुळाने दादरला कानयंत्रं दुरुस्त करायचं दुकान काढलं आणि म्हातारी होईपर्यंत चालवलं. मंगळावर माणसं नाहीत हे कळल्यावर ती चार दिवस घुश्शात होती, एवढीच काय ती तिच्या आयुष्यातली निराशा. लग्नही झालं, आईची भीती फुकट गेली.

पण तो एक मेचा दिवस ती शेवटपर्यंत रंगवून सांगायची. लालबागेत मिरवणूक निघाली होती, ताशे कडाडत होते, गुलाल उधळला जात होता. गर्दीत भिवा चालत होता. एका खांद्यावर बॅटरीसकट अंकलच्या यंत्राची पेटी, दुसऱ्यावर कानाला हेडफोन लावलेला रघू. बकुळाने माइक ताशाकडे धरला तसे पोराचे डोळे विस्फारले. त्याने वळून मागून येणाऱ्या आनंदीबाईंना हाताने विचारलं, "ऐकलंस?" बोट सवयीने आत वाकलेलं.

आनंदीबाई पुढे आल्या. त्यांनी त्याचा इवलासा हात हातात घेतला आणि करंगळीशेजारचं बोट हलकेच सरळ केलं. "हे ह्यांचं. तुझं धड आहे रे बाळा."

रघूने आपल्या बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, पाचही बोटं सरळ ठेवून. आनंदीबाईंनी हाताने सांगितलं, "ऐकलं." चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाला तरी उत्तर द्यायला मिळालं होतं.