राक्षसाच्या पोपटाची मान

नायकाने पोपटाची मान धरली आणि पिळली. मग परत पिळली. एक फेरा, दोन फेरे, तीन फेरे. समोर राक्षस छाती धरून कोसळला होता. तडफडून तडफडून तो दमला आणि पडल्या पडल्याच विचारू लागला, "सर, मी नक्की कितव्या फेऱ्याला मरायचं?"

सगळं युनिट खो खो हसलं. मी नाही हसले. पोपट माझा होता.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी छोटी टूलरूम आहे. टूलरूम म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे आणि मापं तपासायची गेज बनवायची जागा. आमच्याकडे केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी जॉब परत येतो. माझ्याकडून फारसे परत येत नाहीत, हे इथेच सांगून टाकते.

अविनाश सर शाळेत शिकवतात, मुलांची नाटकं बसवतात. त्यांनी सिनेमा काढायला घेतला. गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेलीच: राक्षसाचा जीव पिंजऱ्यातल्या पोपटात, पोपटाची मान मोडली की राक्षस खलास. खरा पोपट वापरायला बंदी आणि कॉम्प्युटरवरचा परवडणारा नाही, म्हणून सर माझ्याकडे आले.

"मॅडम, पंख हलले पाहिजेत, चोच उघडली पाहिजे. आणि शेवटी मुंडकं तुटून हातात यायला हवं."

दोन महिने मी त्या पोपटाच्या मागे होते. फायबरचं अंग, रंगवलेली पिसं, आत तारा आणि छोटे लिव्हर. त्याने मान वाकडी करून बघितलं की आमच्या चहावाल्यालाही दचकायला व्हायचं. मुंडकं सुटावं म्हणून मानेला आटे पाडले, बाटलीच्या झाकणाला असतात तसे. दुसऱ्या टेकला परत बसवता यावं हा हेतू. पण सवयीने आटे पाडले बारीक आणि भरपूर. मुंडकं तसूभरही हललं नाही पाहिजे ना! ते सुटायला नऊ फेरे लागतात, हे मी मोजलंच नव्हतं. ही चूक टूलरूमवालाच करू जाणे.

कॅमेरामन म्हणाला, "मॅडम, हा पोपट मारतोय की बल्ब काढतोय?"

सरांनी घड्याळ बघितलं. राक्षसाची गुहा म्हणजे आमच्या वसाहतीतलीच एक रिकामी शेड, भिंतींना थर्माकोलचे दगड लावलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे प्रेस मशीन येणार होतं. संध्याकाळी सहाला शेड रिकामी करायची होती आणि आत्ता तीन वाजले होते.

"बाजारातून रबरी पोपट आणू," सर हळूच म्हणाले. "लांबून शॉट घेऊ."

मला इतका राग आला की काय सांगू. माझ्या पोपटाच्या जागी पिपाणीवाला रबरी पोपट! "साडेपाचपर्यंत थांबा," म्हटलं आणि पोपट काखोटीला मारून दोन गल्ल्या पलीकडे माझ्या वर्कशॉपला आले.

काशिनाथदादा लेथवर होते. ते घोटीचे, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. मी सांगितलं, आटे उडवा, मान नुसती भोकात बसू दे आणि आडवी पितळी पिन घाला. यंत्रांत अशी पिन मुद्दाम कमजोर ठेवतात. जास्त जोर आला की आधी ती तुटते आणि बाकीचं यंत्र वाचतं. तिला शिअर पिन म्हणतात.

दोन मिलीमीटरची पिन घातली. दादांनी मान पिळली, त्यांचं मनगट लाल झालं, पिन जागची हलली नाही. बांबूची काडी घालून बघितली. तिचे नुसते धागे सुटले, मुंडकं लोंबत राहिलं. चार वाजून गेले होते.

"पितळच घ्या," मी म्हणाले. "पिनेला दोन जागी खाच मारा. पार एक मिलीमीटर जाडी उरेपर्यंत."

दादा माझ्याकडे बघतच राहिले. "खाच? मॅडम, लय वर्षं झाली, एवढीशी खाच दिसली तरी तुमी जॉब फेकून देता. मी नाय मारनार."

खरंच होतं. खाचेपाशीच वस्तू दगा देते, हे मीच त्यांना शंभरदा ऐकवलं होतं.

"दादा, आज दगाच हवाय."

पुटपुटत का होईना, त्यांनी खाच मारली. मी मान पिळली. पाव फेऱ्यात *कट्ट* आवाज आला आणि मुंडकं माझ्या हातात! अंगावर काटा आला. दादा स्वतःशीच बोलले, "मेला बिचारा." तशा आठ पिना करून आम्ही पळत शेडवर गेलो. तिसऱ्या टेकला शॉट ओके झाला, पाच पिना उरल्या.

सिनेमा थिएटरला लागला आणि पडला. पडणारच होता. राजवाडा म्हणून दाखवलेल्या मंगल कार्यालयात मागे 'पंगत इकडे' अशी पाटी दिसत होती. राक्षसाची दाढी दर सीनला वेगळी. राजकन्या ओठ हलवायची एक आणि ऐकू यायचं दुसरंच. मुलं पॉपकॉर्न फेकून खेळत होती. सर माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते. मला त्यांची फार दया आली.

मग नायकाने पिंजरा उघडला. माझ्या पोपटाने मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं. *कट्ट*.

पॉपकॉर्न उडायचं थांबलं. पुढच्या रांगेतून एका चिमुरडीचा हुंदका ऐकू आला. "आई, त्याला का मारलं?" आणि तिने भोकाडच पसरलं. तिच्या आईला तिला बाहेर न्यावं लागलं. सरांनी मान वर केली आणि अंधारात माझा हात घट्ट दाबला.

त्या रात्री मी दादांना फोन करून सगळं सांगितलं. ते लहान मुलासारखे हसले. माझी छाती तर अजून फुगलेली आहे, लपवत नाही.

तेव्हापासून नवं ड्रॉइंग हातात आलं की मी पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, आधी विचारते, "हे टिकवायचंय की मोडायचंय?" पार्टी गोंधळते. मी तरी विचारतेच.