सरकवलेला करंडा

घरमालकीण काकूंनी ओळीनं सगळ्या बायांच्या कपाळाला आपल्या बोटानं हळदीकुंकू लावलं. माझ्यापाशी आल्या आणि बोट थांबलं. करंडा खाली सतरंजीवर ठेवला. माझ्याकडं सरकवला.

"सिस्टर, तुमी घ्या लावून."

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिथं कुंकू एकमेकींना लावतात, आपलं आपण कुणी लावून घेत नाही. बायांनी माना खाली घातल्या. शेजारी काकूंची सून बसली होती, मांडीवर बाळ. त्या बाळाची नाळ मी कापली होती. सुनेला कळा सोसवेनात तेव्हा ह्याच काकू माझे हात धरून म्हणाल्या होत्या, "माय, तूच सोडव आता हिला." तेव्हा माझे हात चालले. आज माझं कपाळ चालेना.

मी मुखेडकडच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स आहे. बौद्ध. आजीनं धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरातलं कुंकू सुटलं. नवरा लातूरला गोदामात कामाला, इथं मी आणि माझी पोरगी. खोली शोधताना आडनाव सांगितलं की प्रत्येकाची खोली कालच गेलेली असायची. काकूंनी दिली, पण अट घालून.

"कुंकू म्हंजे सौभाग्य. मोकळ्या कपाळाची बाई सकाळी दारात दिसली की दिवस वाया जातो. कुंकू लावून ऱ्हायचं."

राहिले. रोज उठून टिकली लावायची, झोपताना आरशाला चिकटवायची. नवरा आला की माझ्या कपाळाकडं बघायचं टाळायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काढून टाकावी तर खोली जाणार. खोली गेली तर पोरीची शाळा जाणार, माझी नोकरी अडचणीत येणार. नकोसं झालं होतं, तरी लावत होते. आणि एवढं लावूनही काकूंच्या बोटाला मी चालत नव्हते.

करंडा तसाच पुढ्यात. मला टेकून बसलेल्या माझ्या पोरीनं शहाण्यासारखं कुंकवात बुडवायला बोट पुढं केलं. तिला सवय झाली होती. ते बोट बघून माझं डोकं सणकलं. मी तिचा हात धरला. दुसऱ्या हातानं माझी टिकली काढली आणि करंड्याच्या झाकणावर चिकटवली.

"काकू, मी बौद्ध हाय. माझा नवरा जिता हाय. तुमच्या खोलीपायी लावत होते, आता न्हाई लावणार."

"मंग खोली मोकळी करा."

"करते."

सुनेनं बाळाला पदराखाली घेतलं. तिनंही मान फिरवली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

खोली अजून मिळालेली नाही. उपकेंद्रातच औषधांच्या खोक्यांमध्ये आम्ही मायलेकी झोपतो. घर विचारायला गेले की बाया आधी कपाळ बघतात, मग विधवा समजून विचारतात, "मालक न्हाईत का?" भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पोरीला मात्र सांगून ठेवलंय, आवडली तर टिकली लाव, कुणाला भिऊन लावायची नाही.

काकूंच्या भावकीतल्या एका बाईचे दिवस भरत आलेत. येईल ती माझ्याकडंच. तिला मी सोडवीन. आणि ह्या गावात आता जे पोर जन्माला येईल, ते डोळे उघडल्यावर आधी माझं मोकळं कपाळ बघेल.