हिरवा झालेला ओढा

मंडळी, आज माझी मान खाली गेली.

शिरूरमध्ये घोडनदीला मिळणाऱ्या ओढ्यात मैला कुठून येतो, हे शोधायला आमच्या नदी गटाने सकाळी एकेका सोसायटीच्या संडासात हिरवा रंग ओतायचं ठरवलं. सुरुवात आमच्याच सोसायटीपासून केली. "आमचं सगळं गटारलाइनला जोडलंय," मी छातीठोकपणे म्हणालो. दहा मिनिटांत ओढा हिरवागार झाला.

काठावर भाजीवाले आबा उभे होते. ओढा घाण होतो म्हणून त्यांचं तिथलं भाजी धुणं मीच बंद करायला लावलं होतं.

"सर, एवढी हिरवी तर माझी कोथिंबीर बी न्हाई!"

सगळे हसले. मीही हसलो आणि तसाच घरी आलो.

तेव्हा आबांना बोललो होतो भर बाजारात. माफी मात्र कुणी नसताना मागावी असं वाटतंय. तुम्हीच सांगा, ती माफी खरी म्हणायची का?